पंप किती हळू चालवावा? छतावरच्या उन्हानं पोहण्याचा तलाव तापवताना

कोल्हापूरच्या आसपास जी मुलं विहिरीत पोहायला शिकली, त्यांना थंडीतल्या सकाळची एक गोष्ट पक्की ठाऊक असते. काठावर उघड्या अंगाला हुडहुडी भरते, पण पाठीला डबा बांधून एकदा उडी घेतली की पाणी कोमट लागतं. जमिनीच्या पोटात तापमान वर्षभर फारसं हलत नाही, म्हणून विहीर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार. बांधलेल्या तलावाच्या नशिबी हे सुख नाही. तो उथळ असतो, वरून आभाळाला उघडा असतो आणि रात्रभर आपली ऊब देऊन टाकत राहतो.

कळंब्याच्या बाजूला आमचा मुलांना शिकवण्यापुरता एक छोटा तलाव आहे. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद, सरासरी खोली 1.2 मीटर, म्हणजे 60 हजार लिटर पाणी. तापवायची सोय नव्हती तेव्हा डिसेंबरातल्या सकाळी थर्मामीटर 21 अंश दाखवायचा. मोठा माणूस हात मारत राहिला तर 21 अंशांतही पोहून जातो. पण सहा वर्षांचं पोर पोहत नसतं. ते कठडा धरून, पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला शिकत असतं. दहा मिनिटांत त्याचे ओठ निळे पडतात आणि दुसऱ्या दिवशी ते यायला तयार नसतं. स्पर्धेच्या तलावांना आंतरराष्ट्रीय नियमानं 25 ते 28 अंश लागतात, आणि शिकणाऱ्या लहानग्यांना त्याहून थोडं जास्तच हवं. वीरधवल खाडे याच शहरातून 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. पोर पाण्यात टिकलं तर काय होऊ शकतं हे इथल्या पालकांना सांगावं लागत नाही. पण टिकायला पाणी सोसवलं पाहिजे.

म्हणून आम्ही गच्चीवर तलावाचं सोलर आणि खाली वेग बदलणारा पंप, दोन्ही एकाच वर्षी बसवलं. दोन्ही वस्तू आपापल्या जागी उत्तम. त्या एकमेकींशी जुळवताना मात्र आमचा पहिला हिवाळा जवळजवळ वाया गेला. बंगलेवाले, हॉटेलवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे तोच प्रश्न विचारतात जो आम्हाला पडला होता: पंप हळू चालवला तर वीज वाचते हे कळलं, पण सोलर चालू असताना तो किती हळू चालवायचा?

हे कोणतं सोलर?

गच्चीवरचं सोलर म्हटलं की हल्ली दोन वस्तू डोळ्यांसमोर येतात. एक, वीज तयार करणारे पॅनेल, ज्यांच्यासाठी 2024 पासून केंद्राची सूर्यघर योजना आहे. दुसरी, अंघोळीच्या गरम पाण्याची, काचेच्या नळ्या आणि वर टाकी असलेली. तलावाचं सोलर या दोन्हींहून वेगळं आणि दोन्हींहून साधं. काळ्या प्लास्टिकच्या किंवा रबराच्या लांब चटया असतात, त्यांत शेजारी शेजारी बारीक नळ्या, आणि खाली-वर एकेक जाड आडवा पाइप. त्याला काच नसते आणि टाकीही नसते, कारण तलाव हीच टाकी.

काच का नाही, असं सगळे विचारतात. अंघोळीचं पाणी 60 अंशांपर्यंत न्यायचं असतं आणि भोवतालची हवा असते 25 अंशांची. एवढा फरक असला की उष्णता पळते, तिला अडवायला काच लागते. तलावाचं पाणी हवेच्या आगेमागेच असतं. डिसेंबरातल्या दुपारी तर कोल्हापूरची हवाच पाण्यापेक्षा गरम असते. पळून जायला फारसं काही नसतंच, उलट काच लावली तर ती थोडं ऊन परत फेकते. म्हणून या कामाला उघडी काळी चटईच चांगली, आणि ती स्वस्तही पडते.

पाण्याची वाट अशी: तलावातून स्किमर, म्हणजे पाण्याचा वरचा थर ओढून घेणारं तोंड, मग पंप, मग फिल्टर. फिल्टरनंतर तीन तोंडांचा, मोटरनं फिरणारा व्हॉल्व्ह. तो एका बाजूला वळला की पाणी गच्चीवर जाऊन चटयांतून फिरून खाली येतं, दुसऱ्या बाजूला वळला की गच्ची टाळून थेट तलावात. क्लोरीन या सगळ्याच्या नंतर. व्हॉल्व्ह कधी वळवायचा हे कंट्रोलर ठरवतो. त्याचा एक सेन्सर चटयांजवळ उन्हात आणि एक तलावातून येणाऱ्या पाइपात. वरचा सेन्सर खालच्यापेक्षा 4–5 अंशांनी गरम झाला की पाणी वर, फरक दीड-दोन अंशांवर आला की वाट बंद.

आता उष्णतेचा हिशेब. विजेचं 1 युनिट जेवढी उष्णता देतं, तेवढीत 860 लिटर पाणी 1 अंशानं तापतं. आमचं पाणी 60 हजार लिटर, म्हणजे 1 अंश वाढवायला सुमारे 70 युनिट लागतात. गिझरच्या कॉइलनं तलाव तापवायचा विचार का सोडून द्यावा, ते या एका आकड्यात आलं. गच्चीवर आमच्या 8 चटया आहेत, प्रत्येकी साडेचार चौरस मीटर, एकूण 36. तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून ते तेवढ्याच आकारापर्यंत चटया घालायचा प्रघात आहे, त्यात हे मधोमध बसतं. दक्षिणेकडे उतार दिला असेल तर स्वच्छ हिवाळी दिवशी दर चौरस मीटरवर साधारण 5 युनिट ऊन पडतं. त्यातलं 60 टक्के पाण्यात उतरलं असं धरलं तर दिवसाला 108 युनिट. म्हणजे दीड अंश, रोज, फुकट.

अगदी फुकट नाही, कारण पाणी वर चढवायला पंप लागतो. पण तो आकडा पुढे येईल तेव्हा या 108 च्या शेजारी ठेवून पाहा. आमचं सगळं चुकलं ते या दोन आकड्यांची तुलना न केल्यामुळे.

हळू पंपाची किमया

पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मं येतं, हे कुणीही सांगेल. दाब मात्र निम्मा होत नाही, पाव होतो. गोफण आठवा. दुप्पट वेगानं गरगरवून सोडलेला दगड दुप्पट उंच जात नाही, चौपट उंच जातो. पंपाच्या आतला पंखाही पाण्याला तसाच गरगरवून बाहेर फेकतो, त्यामुळे तो पाणी किती उंच ढकलू शकेल हे वेगाच्या वर्गावर ठरतं. आणि लागणारी ताकद म्हणजे किती पाणी गुणिले किती दाब. निम्मं पाणी, पाव दाब: आठवा हिस्सा.

ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारी विजेची पेटी, आणि मोटर स्वतःही थोडी वीज खातात, त्यामुळे प्रत्यक्षात बरोबर आठवा हिस्सा येत नाही. आमचा दीड एचपीचा पंप पूर्ण वेगाला, म्हणजे मिनिटाला 2,900 फेऱ्यांना, 1,500 वॅट घेतो आणि तासाला 18 हजार लिटर पाणी फिल्टरमधून काढतो. निम्म्या वेगाला, 1,450 फेऱ्यांना, कागदावर 188 वॅट यायला हवेत, मीटरवर 250 येतात. तरी बघा: सगळं 60 हजार लिटर एकदा फिल्टरमधून काढायला पूर्ण वेगाला 3 तास 20 मिनिटं आणि 5 युनिट, निम्म्या वेगाला 6 तास 40 मिनिटं आणि पावणेदोन युनिटांच्या आत. काम तेच, वीज तिसऱ्या हिश्श्यावर. शिवाय हळू जाणाऱ्या पाण्यातला बारीक कचरा फिल्टरची वाळू चांगला धरते, आणि आवाज इतका कमी की शेजारी उभं राहून बोलता येतं.

त्यामुळे ज्यांनी आम्हाला यंत्रणा बसवून दिली त्यांनी दिवसभरासाठी 1,450 हा एकच वेग लावून ठेवला. फिल्टरपुरतं पाहिलं तर ते बरोबरच होतं.

पण गच्ची 7 मीटरवर आहे

पंचगंगेच्या नाहीतर भोगावतीच्या काठावर मोटर टाकलेल्या शेतकऱ्याला हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते, शिकवावं लागत नाही. मळा नदीपासून किती वर आहे हे बघितल्याशिवाय तो मोटर घेतच नाही. तलावाच्या बाबतीत ही समज कुठे जाते कोण जाणे, कारण फिल्टरच्या कामात चढच नसतो. पाणी तलावातून निघतं आणि तलावातच परत येतं. पंपाला फक्त पाइपांचं आणि वाळूचं घर्षण मारायचं असतं. गच्चीवर पाठवताना खरा चढ येतो. आमच्या तलावाच्या पाण्यापासून चटयांच्या वरच्या टोकापर्यंत 7 मीटर भरतात.

पंपाचं जास्तीत जास्त हेड 16 मीटर. हे 2,900 फेऱ्यांचं. निम्म्या वेगाला पाव दाब, म्हणजे 4 मीटर. पाणी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंतसुद्धा जाणार नाही. पहिला महिनाभर आमच्याकडे नेमकं हेच चाललं होतं. सकाळी दहाला कंट्रोलरचा दिवा हिरवा व्हायचा, व्हॉल्व्ह वळायचा, पंप मंद घुमत राहायचा आणि पाणी उभ्या पाइपात मध्येच लटकून राहायचं. चटया दिवसभर कोरड्या तापत होत्या. ना सोलर चालत होतं, ना फिल्टर.

किती वेगाला पाणी वर पोहोचेल हे काढता येतं. 7 भागिले 16, त्याचं वर्गमूळ 0.66, 2,900 चे 0.66 म्हणजे सुमारे 1,920 फेऱ्या. या वेगाला पाणी चटयांच्या वरच्या काठाला टेकतं आणि तिथेच थबकतं. प्रवाह शून्य. हा झाला उंबरठा. याच्या खाली काहीच नाही, आणि काम व्हायचं तर त्याच्या बराच वर जायला हवं, कारण घर्षणही मारायचं आहे. तुमची इमारत एकमजली असेल तर उंबरठा खाली येईल, तीन मजली असेल तर कदाचित हा पंपच पुरणार नाही. शेजाऱ्याच्या पंपावरचा आकडा आणून आपल्या पंपात घालण्यात अर्थ नाही, त्याचं मुख्य कारण हे.

इथे जाणकार माणूस हटकून एक शंका काढतो: पाणी 7 मीटर वर जातं तसं 7 मीटर खालीही येतंच की! बांधावरून पाइप टाकून सायफननं पाणी ओढतो, तसं उतरणारं पाणी चढणाऱ्या पाण्याला ओढणार नाही का? शंका अगदी रास्त आहे. पाइप पूर्ण भरलेला आणि हवाबंद असेल तर ओढतं, आणि पंपाचा बराच भार हलका होतो. पण चटयांच्या माथ्यावर एक छोटी झडप असते, व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह. आत दाब असेपर्यंत ती बंद राहते. दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला की उघडते आणि हवा आत घेते. उतरणारं पाणी वरच्याला ओढायला लागलं की माथ्यावर नेमकी हीच ओढ निर्माण होते, झडप उघडते, सायफन तुटतो. मग रिटर्नच्या, म्हणजे पाणी परत तलावात येतं त्या पाइपाच्या, तोंडातून बुडबुड्यांची माळ सुरू होते.

मग झडप काढूनच टाकू? नको. थंड मुलखात ती रात्री चटया रिकाम्या व्हाव्यात, पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून लागते. कोल्हापूरला ते भय नाही. पण संध्याकाळी पंप बंद होतो तेव्हा 7 मीटरचा पाण्याचा स्तंभ खाली खेचला जातो. हवेला आत यायला वाट नसेल तर ती ओढ मऊ चटयांवर येते, नळ्या चपट्या होतात, सांध्यांतून हवा शिरते. झडप राहू द्या, तिची जागा बदला. माथ्याऐवजी चटयांच्या खालच्या आडव्या पाइपावर, पाणी जिथून आत शिरतं त्या बाजूला ती बसवली की तिथे दाब जास्त असतो, त्यामुळे ती थोड्या कमी वेगालाही बंद राहते. आमच्याकडे एका प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम होतं.

हाताला गरम लागणारं पाणी

महिन्याभरानं आम्ही वेग 2,000 वर नेला. पाणी वर पोहोचायला लागलं. रिटर्नच्या तोंडाशी हात धरला तर चांगलं गरम पाणी येत होतं. सगळे खूश झालो. पुढचे दोन आठवडे तलावाचं तापमान जेमतेम अर्धा अंश हललं.

"पाणी हळू जाऊ दे, म्हणजे जास्त तापेल" ही समजूत इतकी घट्ट आहे की तिच्यावर थोडं थांबायलाच हवं. हळू जाणारं पाणी जास्त तापतं हे खरंच आहे. पण तलावाला 'किती गरम' पाणी मिळालं हे कळत नाही, 'किती उष्णता' मिळाली एवढंच कळतं. उसाच्या ट्रॉल्यांसारखं आहे हे. एकच ट्रॉली डोंगराएवढी भरली तर बघायला मोठी दिसते, पण वाटभर मोळ्या सांडत जाते. बेताच्या भरलेल्या, एकामागोमाग सुटणाऱ्या ट्रॉल्यांनी दिवसअखेर कारखान्याच्या काट्यावर जास्त ऊस पडतो. चटईतलं पाणी जितकं जास्त तापेल तितकी चटई हवेला आणि वाऱ्याला उष्णता सांडते, काच नसल्यानं तर जास्तच. पाणी भराभर गेलं तर ते थोडंच तापतं, चटई गार राहते आणि ऊन जवळजवळ सगळं पाण्यात जातं.

भराभर म्हणजे किती? साडेचार चौरस मीटरच्या एका चटईला मिनिटाला 15 लिटरच्या आसपास प्रवाह लागतो. 8 चटयांना 120 लिटर, म्हणजे तासाला 7,200. भर दुपारी आमच्या चटया साधारण 20 किलोवॅट उष्णता घेतात. तेवढ्या प्रवाहात पाणी वर जाताना आणि खाली येताना फरक पडतो सव्वादोन ते अडीच अंशांचा. हाताला हा फरक कळतसुद्धा नाही, आणि तिथेच माणूस फसतो. प्रवाह निम्मा केला तर फरक पावणेपाच अंशांजवळ जातो, हाताला छान लागतो, आणि उष्णता चार-पाच टक्क्यांनी घटते. चार-पाच टक्के फार नाहीत हे मान्य. पण त्याहूनही खाली गेलं की दुसरंच दुखणं सुरू होतं: पाणी सगळ्या नळ्यांत सारखं वाटलंच जात नाही. जवळच्या चटया पाणी पितात, लांबच्या कोरड्या राहतात. आमच्या 8 पैकी 3 चटयांत त्या वेळी पाणी असं नव्हतंच.

हे तपासायला यंत्र लागत नाही. दुपारी बारा-एकच्या सुमाराला, सोलर चालू असताना गच्चीवर जा आणि प्रत्येक चटईवर तळवा ठेवा. पाणी खेळत असलेली चटई भर उन्हातही गार लागते. जिथे चटका बसतो तिथे पाणी नाही. माझ्या मते या सगळ्या विषयात एवढी एकच चाचणी प्रत्येकानं स्वतः करायलाच हवी. बाकीचं दुसऱ्याकडून करून घेतलं तरी चालेल.

उलट्या बाजूनंही अति नको. प्रवाह 7,200 वरून दुप्पट केला तर उष्णतेत दोन-तीन टक्क्यांची भर पडते आणि पंपाची वीज मात्र वेगाच्या घनाच्या हिशेबानं फुगते.

आपला आकडा कसा शोधायचा

स्वच्छ दिवस निवडा, फिल्टर आदल्या दिवशी बॅकवॉश करून, म्हणजे उलटं पाणी सोडून धुऊन घ्या. सोलर चालू करून पंप पूर्ण वेगाला तीन-चार मिनिटं चालवा. रात्रभर चटया रिकाम्या होत्या, ती सगळी हवा आधी बाहेर पडली पाहिजे, त्यामुळे सुरुवातीला बुडबुडे येणारच. ते थांबले की वेग शंभर-शंभर फेऱ्यांनी उतरवायला लागा आणि प्रत्येक पायरीला पाचेक मिनिटं थांबा. एका पायरीवर बुडबुडे पुन्हा दिसतील, किंवा गच्चीवरच्या झडपेतून फुसफुस ऐकू येईल. तिथून दीड-दोनशे फेऱ्या परत वर चढा. मग गच्चीवर तळव्याची परीक्षा, आणि दोन थर्मामीटरनं जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यातला फरक. भर दुपारी तो 2 ते 3 अंशांत बसला की झालं. दीड-दोनशेची ती सवलत कापू नका. आठवड्याभरात फिल्टरमध्ये घाण साठते, प्रवाह कमी होतो, तेव्हा ती कामी येते.

आमचा आकडा 2,400 निघाला. या वेगाला पंप सुमारे 800 वॅट घेतो. सकाळी दहा ते दुपारी चार, सहा तासांत पावणेपाच युनिटांच्या आसपास.

आता मघाचे 108 युनिट शेजारी ठेवा. पाचेक युनिट वीज देऊन शंभरावर युनिट उष्णता. आम्ही वेग उतरवून दिवसाला दोन-अडीच युनिट वाचवत होतो आणि त्यापायी उष्णता घालवत होतो ती युनिटांच्या पन्नाशीत. सोलर चालू असताना पंपाच्या विजेवर काटकसर करणं म्हणजे कारखान्यावर जाणाऱ्या ट्रॅक्टरचं डिझेल वाचवायला ऊस शेतातच ठेवणं.

फिल्टरचं काम याच सहा तासांत बरंचसं उरकतं, कारण गच्चीवर जाणारं पाणी आधी फिल्टरमधूनच गेलेलं असतं. तासाला 7,200 प्रमाणे 43 हजार लिटर झाले. उरलेले 17 हजार संध्याकाळी 1,450 फेऱ्यांवर दोन तासांत, अर्ध्या युनिटात. सगळा दिवस मिळून साडेपाच युनिटांच्या आत. जुना एका वेगाचा पंप आम्ही आठ तास चालवायचो, त्याचे 12 जायचे. म्हणजे वीज वाचलीच, फक्त ती वाचवायची जागा संध्याकाळची होती, दुपारची नव्हे.

ज्यांच्याकडे जुना सिंगल फेज, कपॅसिटरवाला पंप आहे त्यांच्यासाठी: त्याला बाहेरून ड्राइव्ह जोडून वेग कमी करता येत नाही, त्याला थ्री फेज मोटर लागते. सिंगल फेज पुरवठ्यावर थ्री फेज मोटर चालवणारे ड्राइव्ह मिळतात, पण मोटरच्या पाटीवर डेल्टा जोडणीला 230 व्होल्ट लिहिलंय का ते बघा. नसेल तर उद्यमनगरातला चांगला रिवाइंडिंगवाला काय करता येईल ते सांगेल. आणि ड्राइव्ह बसवल्यावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, उगाच पडायला लागला तर कुणी "काढून टाका, कटकट मिटेल" म्हणालं तरी ऐकू नका. ड्राइव्हला चालणारा योग्य प्रकारचा आरसीसीबी बसवून घ्या. 30 मिलिअँपिअरचा तो स्विच आणि नीट अर्थिंग पाण्यात उतरलेल्या पोरांसाठी आहे. यात तडजोड नाही.

रात्री काय होतं

पंप नीट लागला तरी एक मोठी गळती उरते. माठ पाणी गार कसं करतो? बाहेर पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. उघडा तलाव हा 50 चौरस मीटरचा माठच आहे. 1 लिटर पाणी उडालं की 0.68 युनिट उष्णता गेली. कोरड्या थंडीत रात्रीतून पातळी 4 मिलिमीटर उतरली तर 200 लिटर, म्हणजे 136 युनिट. दिवसभरात चटयांनी मिळवलेल्या 108 पेक्षा जास्त! तलावात दिवसा थेट पडणारं ऊन नसतं तर सोलर असूनही तो उतरत गेला असता. बुडबुड्यांच्या प्लास्टिकचं तरंगतं आच्छादन संध्याकाळी घालायचं आणि सकाळी काढायचं, एवढ्यानं बाष्पीभवन जवळजवळ थांबतं. पैसे दोन्हींना पुरत नसतील तर मी आधी आच्छादन घ्यायला सांगेन, सोलर पुढच्या वर्षी. वेग आणि आच्छादन दोन्ही जमल्यावर पुढच्या डिसेंबरात सकाळी सातला आमचा थर्मामीटर 26 दाखवत होता, आणि ओठ निळे करून बाहेर येणारी पोरं आता शिटी वाजली तरी बाहेर यायला कां-कूं करत होती.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट या वेगाशी जोडलेली आहे, जी कुठल्याही माहितीपुस्तकात सापडणार नाही. तलाव तापवायचा हंगाम आणि गळिताचा हंगाम एकच. पाचट पेटवलं, गुऱ्हाळाची चुलवाणं धडधडली, की काळी काजळी वाऱ्यावर येते आणि सकाळी पाण्यावर तरंगताना दिसते. 1,450 फेऱ्यांना स्किमरची ओढ इतकी मंद असते की ती काजळी तिथेच फिरत राहते आणि दुपारपर्यंत भिजून तळाला बसते. म्हणून आच्छादन काढल्यावर आम्ही पहिली वीस मिनिटं 2,600 वर चालवतो, वरचा थर स्किमरमध्ये खेचून घ्यायला. चटयांवरही काजळी बसते, पण त्या मुळातच काळ्या. महिन्यातून एकदा पाइपनं धुतल्या की पुरे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, भर दुपारी सावली पायांखाली नाहीशी होते. तेव्हा प्रश्न उलटा होतो: सुट्टीची गर्दी आणि पाणी नको इतकं गरम. याच चटया तेव्हा रात्री चालवायच्या. काच नसल्यानं त्या मोकळ्या आभाळाला उष्णता देतात आणि पाणी गारवून खाली आणतात. वेग तोच, 2,400, कारण गच्ची रात्रीही 7 मीटरवरच असते. जून लागला की सोलरची वाट बंद, चटयांचे पट्टे वाऱ्याच्या भरवशावर न सोडता पुन्हा आवळून घ्यायचे आणि पंप 1,450 वर. ड्राइव्हच्या पेटीच्या झाकणाला आतून आम्ही ऑइलपेंटनं दोन्ही आकडे लिहून ठेवलेत, शेजारी तारीख. दिवाळीनंतर सोलर पुन्हा उघडताना 2,400 वर डोळे झाकून न जाता बुडबुड्यांची परीक्षा नव्यानं घेतो. गेल्या वर्षी फिल्टरची वाळू बदलल्यावर 2,350 वरच भागलं.